सगळ्या मुली रडायला माझ्याकडेच येतात

पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणाऱ्या सिस्टर ४३ वर्षांच्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात लागल्या, मध्ये दोन वर्षं काढून पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) केलं, गेली सात वर्षं आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. सध्या दोन जागा एकदम निघाल्या आहेत. एक ट्रस्टच्याच नर्सिंग कॉलेजात ट्यूटरची. तिथे पगार महिना सात हजारांनी कमी, पण नाइट नाही. दुसरी हॉस्पिटलातच सहाय्यक मेट्रनची (मेट्रन म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्सची प्रमुख), तिथे पगार सहा हजारांनी जास्त. दोन्हीकडचे अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचे आहेत.

घोडं अडलंय ते एका प्रसंगापाशी. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या २३ वर्षांच्या सिस्टरने पहाटे सहाच्या डोसला एका पेशंटचं अँटिबायोटिक शेजारच्या पेशंटला लावलं. चूक तिच्याच लक्षात आली, तिनेच सांगितली, पेशंटला काही झालं नाही. पण राउंडला सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली, मेमो निघाला, आणि चौथ्या दिवशी मुलगी राजीनामा ठेवून गावी गेली. पत्रात पुढे लिहिलंय: “आदल्या रात्री दीडपर्यंत मी तिच्याशी फोनवर बोलत होते, तरी तिला थांबवू शकले नाही. हॉस्पिटलातल्या सगळ्या मुली रडायला माझ्याकडेच येतात. कॉलेजला गेले तर त्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. मेट्रन झाले तर ज्यांच्या नावाने आम्ही इतकी वर्षं बोटं मोडली त्यांच्यातलीच एक होऊन बसेन. आहे तिथेच राहिले तर मी संपेन. नवरा म्हणतो, तू काय सगळ्या हॉस्पिटलची आई आहेस का? काय करू?”

सिस्टर,

तुमचं पत्र सहा पानी आहे. त्यातली साडेचार पानं दुसऱ्यांबद्दल आहेत. कोणाची नाइट बदलून हवी, कोणाची सासू त्रास देते, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं. तुमच्या स्वतःबद्दल मला एकच ओळ सापडली: “पाठ दुखते, पण ते चालायचंच.” मी पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चौतीस वर्षं नर्सिंगमध्ये ओव्हर (पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) घेतल्यावर ही सवय जात नाही. समोरची सिस्टर काय सांगते ते ऐकायचं, आणि काय सांगायचं राहिलं ते आधी शोधायचं.

तर राहिलेली गोष्ट मला चौथ्या पानावर सापडली, तीही कंसात. तुम्ही लिहिता: “(ती आदल्या दिवशी दुपारपाळीला होती, रात्रीची रिलीव्हर आली नाही म्हणून सुपरव्हायझरने तिलाच थांबवलं.)” म्हणजे दुपारी दोनला कामावर आलेली मुलगी पहाटे सहाला अँटिबायोटिक लावत होती. सोळावा तास संपत आला होता. त्याच पानावर खाली आहे की त्या रात्री नऊ पेशंट आणि दोन सिस्टर होत्या. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल, मीही लिहिलं होतं. वर रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा माणसं, हेही लिहिलं होतं.

हे सगळं तुम्ही कंसात टाकलंत आणि कंसाबाहेर काय ठेवलंत? तर “मी तिला थांबवू शकले नाही.”

मला इथेच तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही धरून चालला आहात की ती मुलगी गेली कारण तिची समजूत घालायला कोणीतरी, म्हणजे तुम्ही, कमी पडलात. मला तसं दिसत नाही. त्या रात्री तिला रिलीव्हर हवी होती. ती रात्री आठला आली असती, तर दोन दिवसांनी रात्री दीडपर्यंत तुम्हाला फोनवर बसावं लागलं नसतं.

मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही म्हणाल की ड्युटी लिस्ट मी लावते पण माणसं मेट्रन ऑफिस देतं, आणि सकाळी साडेसातला फोन करून काढूनही घेतं. अगदी खरं. म्हणूनच पुढचं सगळं लिहितेय.

लंडनच्या एका शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलात १९५०च्या दशकाच्या शेवटी असाच पेच पडला होता. शिकाऊ नर्सना कुठल्या वॉर्डात, केव्हा, किती दिवस पाठवायचं याचा मेळ बसेना. वॉर्डाला हात हवेत, मुलींना शिक्षण हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्युटी लिस्टचं भांडण. सोडवायला बोलावलं इझाबेल मेन्झीज या मानसविश्लेषक बाईंना. त्यांचा अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं की मरण, वेदना, घाण हे सगळं रोज बघण्याची जी भीती असते ती हॉस्पिटल कामाच्या रचनेतच पुरून टाकतं. पेशंटला नावाने न ओळखता नंबराने आणि अवयवाने ओळखायचं. (आपणही “सात नंबरचा सीव्हीए”, म्हणजे सात नंबरचा पक्षाघात, म्हणतोच की.) कामाचे तुकडे करायचे, म्हणजे कोणाचा जीव कोणात अडकत नाही. आणि तुमच्या पत्राशी ज्याचा थेट संबंध आहे ते हे: सगळा बेजबाबदारपणा धाकट्यांच्या माथी आणि सगळा कडकपणा थोरल्यांच्या माथी मारून मोकळं व्हायचं. ज्युनियर म्हणजे निष्काळजी, मेट्रन म्हणजे खाष्ट. खरी माणसं त्या साच्यात हळूहळू बसत जातात.

मला यात एका तिसऱ्या माणसाची भर घालावीशी वाटते, कारण मी ती बरीच वर्षं होते. प्रत्येक हॉस्पिटलात एक ‘चांगली सिस्टर’ असते. रडायचा कोपरा. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटाचा पुडा आणि क्रोसिन असतं. मुली येतात, रडतात, तोंड धुतात आणि परत त्याच नऊ पेशंटांवर जाऊन उभ्या राहतात. ती सिस्टर आहे तोवर कोणालाच काही बदलावं लागत नाही. तुम्ही त्या मुलींसाठी जे करता ते लहान आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा फायदा मुलींपेक्षा हॉस्पिटलला जास्त होतोय, हे एकदा बघा. आणि हेही बघा, राग येणार नसेल तर, की सगळ्या माझ्याकडेच येतात या वाक्यात दमणुकीबरोबर थोडं सुखही आहे. मला होतं. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने फोन वाजेना तेव्हा कळलं.

आता माझीच एक चूक सांगते. बाविसाव्या वर्षी मी मेल सर्जिकलला होते. सात नंबरला एक पाटील, नऊ नंबरला दुसरे पाटील. (आमच्या भागात वॉर्डात चार पाटील नसतील तर वॉर्ड रिकामा आहे असं समजायचं.) रात्री दहाच्या डोसला सातच्या पाटलांचं इंजेक्शन मी नऊच्या पाटलांना दिलं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवताना केसपेपर दिसला आणि पायातलं बळ गेलं. आमच्या इन्चार्ज केरळच्या होत्या, मराठी कामापुरतं बोलायच्या. त्या क्वार्टरमधून चपला न घालता आल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, “पहिले बीपी.” आम्ही बीपी घेतलं, पंधरा पंधरा मिनिटांनी घेत राहिलो, डॉक्टरांना कळवलं, पाटलांच्या मुलालाही सांगितलं. मग पहाटे चहा मागवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “काय झालं ते तू लिही. का झालं ते दोघी मिळून लिहू.” दुसऱ्या दिवशी औषधाच्या ट्रॉलीवर त्यांनी मलाच उभं केलं, आणि पूर्ण फेरीभर माझ्याबरोबर चालत राहिल्या, एक शब्द न बोलता. आणखी एक काम त्यांनी त्याच सकाळी केलं. नऊचे पाटील वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, बावीस नंबरला हलवले.

त्या कधीही माझ्याशी गोड बोलल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाही. पण मी नर्सिंगमध्ये टिकले ती त्या पहाटेमुळे. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली एक शब्द रूढ केला: चूक झाली की पहिला बळी पेशंट, आणि दुसरा बळी ज्याच्या हातून ती झाली तो माणूस. तो शब्द कानावर पडला तेव्हा मला त्या अनवाणी आलेल्या बाई आठवल्या. आणि त्यांचा बेड हलवण्याचा निर्णय.

तुमच्या आयसीयूत त्या मुलीनंतर कुठला बेड हलला? पत्रात तरी काही नाही. मेमो निघाला, एवढंच.

तर आता जागांकडे येऊ.

कॉलेज म्हणजे मुलींना वाऱ्यावर सोडणं, हे मला अजिबात पटत नाही. आयसीयूत येणाऱ्या मुली येतात कुठून? चूक लपवायची कशी, हे त्या पहिल्या वर्षालाच शिकतात. थर्मामीटर फुटला तर दंड, प्रोसीजर बुकात सही राहिली तर वर्गाबाहेर, व्हायव्हात अडखळली तर हशा. “मॅडम, माझ्याकडून चुकलं” हे वाक्य एखाद्या मुलीला कॉलेजात न घाबरता म्हणता आलं, तर पुढे वॉर्डात ती ते म्हणेल. तुमची ती मुलगी म्हणाली, हे विसरू नका. तिला कोणीतरी नीट शिकवलं होतं. आणि तिला त्याचं बक्षीस काय मिळालं तेही आपण पाहिलं.

पण तिथे जायचं तर दमले म्हणून जाऊ नका. नाइट नाही हे खरं. त्याऐवजी क्लिनिकल पोस्टिंगला साठ मुलींमागे चार मजले फिरणं आहे, मास्टर प्लॅन, लेसन प्लॅन आहेत, आणि इन्स्पेक्शन आलं की आठ-आठ दिवस फायली रंगवणं आहे. शिवाय काम येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हाताला सक्शन (नळीने कफ ओढणं) कधी थांबवायचं ते कळतं, पण ते हाताने शिकलेलं तोंडाने सांगायला गेलं की वाक्यं सापडत नाहीत. अनुभवी सिस्टर वर्गात उभी राहिली की पहिलं वर्षभर परत नवशिकी होते. अर्ज करण्याआधी कॉलेजच्या प्राचार्यांना विचारून दुसऱ्या वर्षाच्या मुलींची तीन-चार डेमॉन्स्ट्रेशन घ्या. एकच चूक अकराव्या मुलीने केली तेव्हा तुम्हाला गंमत वाटते की चिडचिड होते, ते बघा.

व्यवहाराचंही बघा. पोस्ट बेसिकवर ट्यूटर होता येतं, पण ट्यूटर म्हणूनच राहावं लागतं. पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायला एम.एस्सी. नर्सिंग लागतं, ते दोन वर्षांचं, नियमित, पूर्णवेळ. “घरबसल्या एम.एस्सी.” असं कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता आणि परिषदेची नोंद आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. एम.एस्सी.च्या पाच शाखांमधली एक मनोविकार परिचर्येची आहे. पत्र वाचताना तीच मनात आली, पण त्याबद्दल पुढच्या वर्षी बोलू. दोन जागांच्या पगारात महिना तेरा हजारांचा फरक आहे, म्हणजे वर्षाला एक लाख छप्पन्न हजार. मुलाची अकरावी-बारावी समोर आहे. हा आकडा नवऱ्याबरोबर बसून कागदावर लिहा. सेवाभाव वगैरे शब्द त्या कागदावर आणायचे नाहीत.

मेट्रनच्या जागेबद्दल तुमची भीती मला जास्त खरी वाटते, कारण मी ते करून बसले आहे. मेट्रन होऊन तिसरं वर्ष असेल. एका मुलीने सलग नऊ नाइट केल्या होत्या, दहावी टळावी म्हणून ती ऑफिसात आली. मी मान वर न करता म्हटलं, “आम्ही बारा-बारा केल्यात.” ती “बरं मॅडम” म्हणाली आणि गेली. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली, आखातात गेली असं कळलं. त्या दिवशी माझ्याकडे दहाव्या नाइटला द्यायला माणूस नव्हता हे खरंच होतं. पण मी तसं म्हणाले नाही. “माझ्याकडे माणूस नाही, मी वर लिहिते” एवढं म्हणायला काय लागत होतं? आपण जे सोसलं ते दुसरीला सोसायला लावायचं, आणि वर त्याला शिस्त म्हणायचं, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. तुमच्या मेट्रन काही जन्मतः तशा नव्हत्या. त्यांच्याकडेही बारा जागांना आठ माणसं होती, आणि चार माणसं नाहीत हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

म्हणून ती जागा घ्यायची की नाही हे मी तुमच्या स्वभावावरून ठरवणार नाही. तुम्ही खाष्ट व्हाल की प्रेमळ राहाल, हा प्रश्नच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मुलाखतीला जाल तेव्हा ट्रस्टींना चार गोष्टी विचारा. ऐन वेळी कोणी आलं नाही तर बाहेरून सिस्टर बोलावण्याचा अधिकार आणि पैसे माझ्याकडे असतील का? दुपारपाळी केलेल्या सिस्टरला रात्री थांबवायचं नाही, असा लेखी नियम करता येईल का? मेमो माझ्याशी बोलल्याशिवाय निघणार नाही ना? आणि चुकांची चौकशी करणाऱ्या समितीत मी असेन का? उत्तरं गोड शब्दांत मिळतील, “बघू, तुम्ही या तर आधी.” ती पुरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्हीच एक पत्र लिहा, काल आपलं असं असं बोलणं झालं म्हणून, आणि पोच घ्या. पोच द्यायलाही कां कूं करत असतील तर त्या खुर्चीत बसून तुम्ही रोज सकाळी फक्त टंचाई वाटत बसाल. मग खुशाल कॉलेजला जा, आणि पुढच्या वर्षी एम.एस्सी.चं बघा.

पण चारपैकी दोन-तीन गोष्टी जरी हाती लागल्या तर माझं मत विचाराल तर मेट्रन व्हा. कारण सांगते. सहा पानांत शिकवण्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, त्याही “मुलींना शिकवायला आवडतं” अशा, कोणीही लिहील तशा. ड्युटी लिस्टबद्दल मात्र दीड पान आहे, खाडाखोड करून, एके ठिकाणी पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उठलंय. सीएल (किरकोळ रजा) मंजूर करून परत बोलावणं, एकीलाच सगळ्या सणांच्या नाइट, गरोदर सिस्टरला ऑर्थोला, हाडांच्या वॉर्डात, पाठवणं. तुम्हाला हे सगळं दिसतं, आणि त्याचा राग येतो. पाच-सात वर्षांत तो येईनासा होतो, म्हणून आत्ताच कामाला लावा. शिकवायचं असेल तर मेट्रन असतानाही आठवड्यातून दोन तास इन-सर्व्हिसचा, म्हणजे कामावरच्या सिस्टरांचा, वर्ग मागून घेता येतो. नोंदणीच्या नूतनीकरणाला सीएनईचे (नोकरीत चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) क्रेडिट पॉइंट सगळ्यांनाच लागतात. नाइट करून आलेल्या मुली एसी हॉलमध्ये बसून डुलक्या घेतात अशा भाषणांवर ते पॉइंट मिळतात, त्यापेक्षा त्या महिन्यात घडलेल्या एका चुकीवर, नाव न घेता, तासभर बोला.

सहकाऱ्यांना सांभाळणं म्हटलं की दर १२ मेला, परिचारिका दिनाला, आपण मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो, केक कापतो, “परिचारिका ही देवदूत” असं कोणीतरी म्हणतं. मला विचाराल तर एक नर्स दुसरीला कशी सांभाळते याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधलं आहे. तिथल्याच सिस्टर अरुणा शानबाग १९७३च्या नोव्हेंबरमध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ला गेल्या. साडेएक्केचाळीस वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात तिथल्या परिचारिकांच्या सेवेचं कौतुक केलं. लोकांना यात त्याग दिसतो. मला दिसते ती पाळी. एकीने स्वतःला जाळून घेतलं नाही. सिस्टर आल्या, बदलल्या, रिटायर झाल्या, ज्यांनी अरुणाला धडधाकट कधी पाहिलंच नव्हतं अशा मुलीही त्या खोलीत गेल्या, आणि काम चालत राहिलं. सोबत काम करणारीला सांभाळायचं ते असं वाटून घेतलं तरच इतकं टिकतं.

तेव्हा कुठलीही जागा घ्या, पण त्या रात्री दीडच्या फोनचं काहीतरी करा. रात्री नऊनंतर तुम्ही उचलणार नाही हे मुलींना सांगा, आणि त्याच वेळी काय मिळेल तेही सांगा: चूक झाली, पेशंट गेला, नातेवाईक अंगावर आले, तर त्याच पाळीत, ड्युटीच्या वेळेत, पंधरा मिनिटं साइड रूममध्ये बसायचं. चहा मागवायचा. काय झालं, आज नेहमीपेक्षा वेगळं काय होतं, उद्या काय बदलायचं, एवढंच विचारायचं. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय, आया) बोलवा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. नव्या मुलीला पहिले सहा महिने एक जोडीदार सिस्टर लावून द्या, आणि ती तुम्ही नसाल हे बघा. जोडीदारणीला त्याबद्दल एक ऑफ जादा मिळाला तर उत्तम.

काही गोष्टी मात्र पंधरा मिनिटांच्या नाहीत, आणि त्या आपल्या मायेच्या झाकणाखाली ठेवायच्याही नाहीत. कोणी अंगचटीला येत असेल, मग तो डॉक्टर असो की पेशंटचा भाऊ, तर “सांभाळून राहा गं” म्हणून भागत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. तिच्याकडे लेखी तक्रार द्यायला त्या मुलीबरोबर तुम्ही चालत जायचं. हात उगारला तर हॉस्पिटलमधल्या हिंसेविरुद्धचा २०१०चा महाराष्ट्राचा कायदा डॉक्टरांइतकाच नर्सनाही लागू आहे, हॉस्पिटलला पोलिसांत जायला लावा. आणि एखादी मुलगी झोपत नाही, जेवत नाही, “कशाला जगायचं” असं हसत हसत जरी म्हणाली तरी ते हसण्यावारी नेऊ नका. स्पष्ट विचारा, तिला एकटी सोडू नका, घरच्यांना कळवा, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो ड्युटी रूममध्ये, आरशाजवळ लावून ठेवा. नोटीस बोर्डावर लावला तर तो सगळ्यांसमोर कोण वाचणार?

तुमच्याबद्दलची एकुलती एक ओळ मी विसरलेले नाही. पाठ दाखवून घ्या. “मी संपेन” हेही मी शब्दशः घेतलंय. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने होणारी अवस्था म्हटलंय. त्यात तीन गोष्टी येतात. थकून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी तुमच्या पत्रात आहे. दुसरी अजून नाही, सहा पानं लिहिणाऱ्या बाईचं मन उडालेलं नसतं. निर्णय कुठलाही होवो, नवी खुर्ची घेण्याआधी दहा-पंधरा दिवस रजा काढा. नवऱ्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाका. प्रश्न त्याने तिरकस विचारला असेल, पण चुकीचा नाही विचारलेला.

हे वाचणाऱ्या सरकारी सेवेतल्या सिस्टरांसाठी थोडं वेगळं आहे. तिथे अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्ड इन्चार्ज), पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर), अधिसेविका (मेट्रन) ही वाट बरीचशी ज्येष्ठता यादीने ठरते आणि पदोन्नतीबरोबर बदलीही येते. पदोन्नती नाकारली तर पुढे काय होतं हे मैत्रिणीला न विचारता आस्थापनेत जाऊन नियम बघूनच ठरवा. आणि मागे एका ब्रदरांनी (पुरुष नर्सनी) लिहिलं होतं की वॉर्डात ब्रदर रडला तर सगळे गप्पच होतात. साइड रूमचा चहा त्यांनाही हवा असतो.

शेवटी तुमच्या ताज्या कलमाबद्दल. त्या मुलीची खिशातली वही, डोसचे हिशेब लिहिलेली, अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि काय करावं कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ती कुरियर करू नका. रजेतला एक दिवस काढून तिच्या गावी जा, युनिफॉर्म न घालता. परत ये म्हणू नका, समजूतही घालू नका. वही द्या, आणि त्या रात्री रिलीव्हर न आल्याचं तिला किती वाजता कळलं, कोणी सांगितलं, ती काय म्हणाली, ते सगळं तिच्या तोंडून ऐकून घ्या. ट्रस्टींपुढे दुसरा प्रश्न विचारताना तुम्हाला ते लागेल.